फुजिताचा दुधी पांढरा: तेलावर शाई टिकवणारा चित्रकार

शाईदौत

त्सुगुहारू फुजिता (१८८६–१९६८) म्हटलं की लोकांना आधी आठवतात ते कपाळावर सरळ कापलेले केस, गोल चष्मा, कानातली बाळी आणि मांजरं. हा धागा त्याच्या चित्रांच्या पृष्ठभागासाठी काढतोय. माझं म्हणणं एवढंच की फुजिताची निम्मी कारकीर्द एका कारागिरीच्या प्रश्नाभोवती फिरते: तेलरंगाच्या थरावर पाण्यातली काळी शाई टिकवायची कशी? हा प्रश्न त्याला सुटला आणि पॅरिसने त्याला डोक्यावर घेतलं. पुढे त्याने ती पांढरी जमीन (रेघेखालचा पायाचा थर) सोडली, तेव्हा चित्रांचा सूरही पार बदलला.

थोडी पार्श्वभूमी. जन्म तोक्योचा, वडील लष्करात डॉक्टर. तोक्योच्या कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रकला विभागात शिकून १९१० साली बाहेर पडला. विभागाचे प्रमुख कुरोदा सेइकी फ्रान्समध्ये शिकून आलेले. उघड्यावरचा प्रकाश, जांभळट सावल्या आणि काळा रंग शक्यतो नकोच, अशी त्यांची शिकवण. फुजिताने पदवीच्या आत्मचित्रात काळा मुद्दाम वापरला आणि कुरोदांनी ते चित्र 'असं करू नका' म्हणून वर्गाला दाखवलं. १९१३ साली तो पॅरिसला पोचला. मोंपार्नास या चित्रकारांच्या वस्तीत सुरुवातीच्या दिवसांतच पिकासोच्या स्टुडिओत त्याला आंरी रूसो या स्वतःच शिकलेल्या चित्रकाराचं चित्र दिसलं आणि शाळेत शिकवलेलं तेवढंच चित्रकला नव्हे, हे त्याला पटलं.

युद्धाची वर्षं हलाखीची गेली. १९१७ साली गॅलरी शेरोंमध्ये पहिलं एकल प्रदर्शन झालं, ते जलरंगांचं. १९१९ च्या 'सालों दोतोन'मध्ये, म्हणजे पॅरिसच्या शरद ऋतूतल्या मोठ्या प्रदर्शनात, त्याची सहा चित्रं घेतली गेली. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी वर्षं १९२१ आणि १९२२. १९२१ मध्ये 'माझी खोली, गजराच्या घड्याळासह स्थिरचित्र' आलं आणि १९२२ मध्ये तोआल द जुई या छापील कापडाच्या पडद्यांमध्ये पहुडलेली नग्नाकृती. मॉडेल होती मोंपार्नासची किकी. हे चित्र ८,००० फ्रँकला विकलं गेलं. आज ते पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यात अंगाचा रंग म्हणून जवळजवळ काही भरलेलंच नाही. दिसते ती जमीनच, आणि तिच्यावर केसासारखी बारीक काळी रेघ.

खडूफळा

चांगला विषय. त्या जमिनीत काय आहे ते सांगतो. फुजिताने हयातीत ही कृती उघड केली नाही. चित्रं दुरुस्तीला आली तेव्हा तपासण्या झाल्या आणि त्यातून बरंचसं कळलं.

कापड अतिशय बारीक, घट्ट विणीचं. तळाला बेरियम सल्फेट असलेला थर. त्यावर खडू (कॅल्शियम कार्बोनेट) आणि शिशाचा सफेता तेलात कालवून, एकास तीन या प्रमाणात. सगळ्यात वर टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरे. २०११ साली जाहीर झालं की हे शंखजिरे 'सिक्कारोल' या जपानी बेबी पावडरीतलं होतं. छायाचित्रकार डोमोन केन यांनी १९४२ च्या सुमारास फुजिताच्या स्टुडिओत काढलेल्या फोटोंमध्ये त्याचा डबाही दिसतो.

आता यातला प्रत्येक पदार्थ कशासाठी? सफेत्याचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) सुमारे २, वाळलेल्या जवसाच्या तेलाचा सुमारे १.५ आणि खडूचा १.६ च्या आसपास. खडू आणि तेल यांचे आकडे इतके जवळ असल्यामुळे तेलात कालवला की खडूचा पांढरेपणा मावळतो आणि तो अर्धपारदर्शक, किंचित पिवळट दिसू लागतो. नुसता सफेता भिंतीच्या चुन्यासारखा थेट पांढरा दिसला असता. खडूमुळे प्रकाश थोडा आत शिरतो आणि मग परततो. हस्तिदंतासारखा किंवा सायीसारखा जो भास होतो तो इथून येतो.

शंखजिऱ्याचं काम वेगळं. शाई म्हणजे काजळी आणि सरस, पाण्यात. तेलाच्या गुळगुळीत थरावर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होतो, रेघ तुटक मण्यांसारखी पडते. शंखजिऱ्याचे कण पापुद्र्यासारखे चपटे असतात. ते वरचं मोकळं तेल टिपून घेतात, चकाकी मोडतात आणि पृष्ठभागाला डोळ्यांना न दिसणारी खरखर देतात. मग शाईला धरायला जागा मिळते आणि कुंचला अडखळतही नाही.

निळी_वही

हे करून बघायचं तर? शिशाचा सफेता विषारी, तो घरात आणणं बरोबर नाही. टायटॅनियम व्हाइट चालेल का? आणि प्रमाण तेच ठेवायचं का?

खडूफळा

टायटॅनियम चालेल, पण एकास तीन तसंच उचलू नका. हे प्रमाण वजनाने धरलं तर शिसं फार जड असल्यामुळे (सफेत्याची घनता ६.७ च्या आसपास, खडूची २.७) तीन भाग सफेता आणि एक भाग खडू आकारमानाने जवळजवळ सारखेच भरतात. टायटॅनियमची घनता ४ च्या थोडी वर, आणि झाकण्याची ताकद सफेत्यापेक्षा कितीतरी जास्त. तीन भाग टायटॅनियम घेतलं तर जमीन खडूच्या फळ्याला चुना फासल्यासारखी मेलेली दिसेल. १० ग्रॅम खडूला १० ते १२ ग्रॅम टायटॅनियम पुरे.

३० × ४० सें.मी.च्या नमुना फळीसाठी असं करा. घट्ट विणीचं लिनन फळीवर चिकटवा किंवा चौकटीवर ताणा. १० ग्रॅम सरस (सशाच्या कातडीचा मिळाला तर उत्तम) १५० मिली थंड पाण्यात रात्रभर भिजवा आणि दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर ठेवून वितळवा. उकळू देऊ नका. उकळलेल्या सरसाची पकड जाते. पातळ हात दोन, मध्ये पूर्ण वाळू द्या. मग खडू आणि टायटॅनियमची पूड काचेवर घेऊन जवसाचं तेल थेंबाथेंबाने घालत घोटणीने घोटा. लोण्याइतकं घट्ट झालं की थांबा. तेल जास्त झालं तर पुढचं सगळं बिघडतं. रुंद पात्याने कापडाच्या विणीत दाबून पहिला हात द्या, आठवडाभराने दुसरा, तोही पातळच. नंतर बारीक पॉलिश पेपरने हलकं घासून तीन-चार आठवडे उजेडात ठेवा. पावसाळ्यात आणखी दोन आठवडे धरा.

मग शंखजिरे. कापसाच्या बोळ्याने थापत लावा, गोल फिरवून चोळा, सुटं राहिलेलं मऊ कापडाने पुसून काढा. डब्यावरची घटकांची यादी आधी वाचा. हल्लीच्या अनेक बेबी पावडरींमध्ये मक्याचं पीठ असतं. त्याने काम होत नाही, वर बुरशी येते. नुसतं, सुगंध नसलेलं टाल्क घ्या आणि लावताना तोंडावर मास्क ठेवा.

रेषाळ

शाईबद्दल भर घालतो. बाटलीतल्या काही ड्रॉइंग इंकमध्ये लाख असते. ती वाळल्यावर चकाकते आणि मॅट जमिनीवर डागासारखी उठून दिसते. कांडीची जपानी किंवा चिनी शाई दगडावर उगाळून घ्यावी. चित्राच्या कडेला एक रेघ ओढून बघा. रेघेचे मणी झाले तर तेल अजून पुरतं वाळलेलं नाही किंवा शंखजिरे कमी पडलंय. रेघेला मिशा फुटल्या तर सुटी पावडर वर राहिलीय, पुन्हा पुसा. रेघ वाळल्यावर बोटाने पुसली गेली तर शाईत सरस कमी आहे. आणि वाळताना रेघ सालपटासारखी उचलली गेली तर सरस जास्त आहे.

कुंचल्याबद्दल. फुजिता 'मेन्सो' वापरायचा. जपानी बाहुल्यांच्या आणि चित्रांतल्या चेहऱ्यांवर भुवया-पापण्या काढण्यासाठीचा हा लांब, निमुळता कुंचला. त्याच्या केसांमध्ये सुई बसवून रेघेची जाडी एकसारखी ठेवल्याचंही संशोधनात पुढे आलंय. पटण्यासारखं आहे. नुसत्या मेन्सोची रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होते. फुजिताची रेघ मात्र खांद्यापासून टाचेपर्यंत एकाच जाडीने जाते, लोखंडी तारेसारखी. आपल्याकडे मेन्सो मिळाला नाही तर लांब केसांचा रिगर ब्रश घ्या. आखूड सेबल ब्रशमध्ये शाई पुरत नाही, अर्ध्या रेघेत परत बुडवावं लागतं आणि जोड दिसतो.

रेघेलगतची राखाडी छटा मात्र कुंचल्याची वाटत नाही. अगदी पातळ रंग लावून कापसाने किंवा कापडाने चोळून विरवलेली दिसते. सावली नुसती कडेला घासलेली असल्यामुळे अंग फुगीर दिसतं, पण रंग भरलेला दिसत नाही.

दीपमाळ

तोक्योला जाणार असाल तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातलं 'पाच नग्नाकृती' (१९२३, १६९ × २०० सें.मी.) कधी लावलंय ते विचारून जा. पाच बायका म्हणजे पंचेंद्रियं, असा त्याचा अर्थ लावला जातो: कापड धरलेली स्पर्श, कानाला हात लावलेली श्रवण, तोंडाशी बोट नेलेली चव, शेजारी कुत्रा असलेली गंध, आणि मधली दृष्टी. समोरून बघून झालं की चित्राच्या बाजूला जाऊन तिरप्या प्रकाशात बघा. समोरून जे सपाट वाटतं त्याची अर्धवट तुळतुळीत झळाळी तिथून कळते. छापील पुस्तकात ती कधीच उतरत नाही.

खडूफळा

दीपमाळ यांचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्या झळाळीमुळेच ही चित्रं सांभाळायला कठीण आहेत. एरवी मळलेलं तेलचित्र ओलसर बोळ्याने स्वच्छ करता येतं. इथे वरची रेघ पाण्यात विरघळणारी आणि शंखजिरे नुसतं बसवलेलं. ओला बोळा फिरला की रेघ गेली. वार्निशही नको. वार्निश शंखजिऱ्यात आणि खडूत मुरतं, ते पारदर्शक होतात आणि दुधी थर तेलकट कागदासारखा दिसू लागतो. एकदा मुरलेलं वार्निश पूर्ण काढता येत नाही, कारण काढायला वापरलेलं द्रावण वरचा थर घेऊनच येतं.

१९२८ ची चार प्रचंड चित्रं आहेत: सिंहाची रचना, कुत्र्याची रचना आणि 'झुंज' एक व दोन. प्रत्येक ३ मीटर × ३ मीटर. ती बरीच वर्षं बेपत्ता होती. १९९२ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेला एका गोदामात सापडली, अवस्था वाईट. मोठं कापड गुंडाळून ठेवलं की असा भरणाचा, कमी तेलाचा थर आडव्या रेघांमध्ये फुटतो. लांबलेल्या दुरुस्तीनंतर ती पुन्हा लोकांसमोर आली.

निळी_वही

१९२८ नंतर तो पॅरिस सोडून गेला ना? एवढं नाव झालेलं असताना का?

शाईदौत

कारणं बरीच होती. १९२५ साली फ्रान्सने त्याला 'लेजियों दॉनर' हा मोठा सन्मान दिला, चित्रांना मागणी होती, पैसा होता. मग थकलेल्या कराचा मोठा आकडा समोर आला. १९२९ साली तो प्रदर्शनासाठी जपानला गेला. परत आला तोवर मंदीने चित्रबाजार बसला होता आणि पत्नी युकीशी लग्नही मोडत आलं होतं. १९३१ मध्ये मादलेन या नव्या सोबतिणीबरोबर तो दक्षिण अमेरिकेला निघाला: ब्राझील, अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू, पुढे क्यूबा, मेक्सिको. १९३३ मध्ये जपानला पोचला. या प्रवासात दुधी जमीन मागे पडली. रंग भडक, माणसं गर्दीने, आणि डोक्यात भित्तिचित्रांचं वेड. या काळाला कमी लेखू नये. जपानमधल्या अकिता शहरातलं त्याचं प्रचंड चित्र याच वाटेवर उभं आहे.

दीपमाळ

अकिताचं चित्र वेगळा धागा काढण्याइतकं मोठं आहे! हिरानो मासाकिची या धनिकाने ते काढून घेतलं. ३.६५ मीटर उंच, २०.५ मीटर लांब, आणि तांदळाच्या कोठारात बसून १९३७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पंधरा दिवसांत, १७४ तासांत पूर्ण. सण, मिरवणूक, बर्फ, बाजार आणि तेलविहिरी सगळं एका पट्ट्यात. आकडेमोड केली तर तासाला साधारण ०.४ चौरस मीटर, म्हणजे आपल्या फळीच्या साडेतीन पट भाग, तोही माणसांनी खच्चून भरलेला. दुधी जमिनीवर हा वेग अशक्य. प्रत्येक थर वाळायची वाट बघावी लागते. इथे त्याने सरळ रंगात काम केलं. पुढे चित्र कोठारातून काढायचं तर दारातून बसेना, भिंत फोडावी लागली. आज ते अकिता कला संग्रहालयात आहे. इमारत वास्तुकार तादाओ आंदो यांची.

पाणवठा

दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच्या युद्धचित्रांबद्दल कुणीच बोलत नाही. त्यांना वगळून फुजितावर धागा पूर्ण होत नाही. त्याने ती सक्तीने नाही, मनापासून काढली.

शाईदौत

बरोबर, वगळायची नाहीतच. १९३९ मध्ये तो पुन्हा फ्रान्सला गेला होता; १९४० साली तिथून जपानला परतला आणि लष्करासाठी चित्रं काढू लागला. १९४१ च्या नोमोनहानच्या लढाईच्या चित्रात अजून उजेड आहे. १९४३ च्या 'अत्तू बेटावरचा शेवटचा लढा'मध्ये (१९३.५ × २५९.५ सें.मी.) सगळं तपकिरी-काळं. तो अत्तूला गेला नव्हता, संदर्भ म्हणून छायाचित्रंही नव्हती. मे १९४३ मध्ये तिथली जपानी तुकडी जवळजवळ पूर्ण मारली गेली होती. चित्रात जपानी आणि अमेरिकी सैनिक चिखलाच्या एका गोळ्यासारखे एकमेकांत गुंतलेत, कोण कुठल्या बाजूचा हे कळत नाही. पांढऱ्याचा मागमूस नाही आणि बाह्यरेषाही नाही, म्हणजे १९२२ साली जे काही कमावलं होतं ते सगळंच त्याने बाजूला ठेवलं. प्रदर्शनात लोकांनी या चित्रापुढे हात जोडले, पैसे ठेवले. हे बघून तो हेलावून गेला होता.

ते चित्र युद्धाचा गौरव करतं की भीषणता दाखवतं, यावर जपानमध्ये अजून वाद होतो. काढणाऱ्याचा हेतू सरकारच्या बाजूचा होता, हे मला निर्विवाद वाटतं. चित्र मात्र त्या हेतूच्या पुढे गेलं.

पाणवठा

हेतू सांगितलात ते बरं केलंत. पण त्यानंतरही सगळं खापर एकट्यावर फुटलं, हेही नोंदवायला हवं. १९४६ मध्ये चित्रकारांच्या नव्या संघटनेतून त्याच्यावर युद्धाची जबाबदारी टाकली गेली. युद्धानंतर जपानवर ताबा असलेल्या अमेरिकी प्रशासनाने १९४७ मध्ये काढलेल्या युद्धगुन्हेगारांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. १९४९ मध्ये तो जपान सोडून गेला. जाताना तो एवढंच म्हणाला की चित्रकारांनी फक्त चित्रं काढावीत, आपसात भांडू नये आणि जपानी चित्रकलेने लवकर जगाच्या पातळीला पोचावं. तो पुन्हा परतला नाही. अमेरिकेने ताब्यात घेतलेली १५३ युद्धचित्रं १९७० मध्ये जपानला आली तीही 'बेमुदत उसनी' म्हणून. ती तोक्योच्या त्याच संग्रहालयात आहेत, जिथे 'पाच नग्नाकृती' आहे.

रेषाळ

१९४९ च्या न्यूयॉर्कमधल्या मुक्कामातलं 'कॅफे' बघा. टेबलाशी बसलेली काळ्या पोशाखातली बाई, समोर कोरा कागद आणि शाई, मागे पॅरिसचा रस्ता. चित्र न्यूयॉर्कमध्ये काढलेलं, रस्ता आठवणीतला. दुधी जमीन परत आलीय, रेघ परत आलीय. पण १९२० च्या दशकातल्या कोऱ्या जागा आता राहिलेल्या नाहीत, सगळी चौकट भरलेली आहे.

निळी_वही

फ्रान्समधल्या रँस शहरात फुजिताने शेवटी रंगवलेल्या चॅपेलमधली (छोट्या चर्चमधली) चित्रं फ्रेस्को आहेत असं वाचलं. म्हणजे अजिंठ्यासारखंच का?

खडूफळा

नाही, आणि हा गोंधळ नेहमी होतो. अजिंठ्याला मातीचा गिलावा (त्यात भुसा, गवत), वर पातळ पांढरा हात, आणि वाळलेल्या पृष्ठभागावर चिकद्रव्यात कालवलेले रंग. रंगाला धरून ठेवतं ते चिकद्रव्य. रँसला खरं फ्रेस्को आहे: ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यातले रंग. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकतात.

(जपान आणि अजिंठा यांचा खरा दुवा हवा असेल तर अराई काम्पो हे नाव शोधा. १९१७-१८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. त्या तोक्योला नेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळाल्या.)

फ्रेस्कोच्या अडचणी तेलाच्या उलट आहेत. दुधी जमीन आठवडे वाट बघायला लावते. ओला चुना काही तासच देतो. दिवसाला जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा करायचा. उरलेला संध्याकाळी कापून टाकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी रंग वर पावडरीसारखा राहतो. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा. चुना तीव्र अल्कली असल्यामुळे बरेच रंग त्यात टिकत नाहीत, म्हणून मातीचे आणि खनिज रंगच घ्यावे लागतात. वाळल्यावर सगळं फिकं होतं, तो अंदाज आधीच धरावा लागतो. आणि शाईसारखी लांब रेघ ओल्या चुन्यावर एका दमात ओढावी लागते, कारण कुंचला थांबला की चुना पाणी पिऊन तिथे गाठ दिसते. फुजिताची रेघ इथे उपयोगी पडली.

शाईदौत

आणि हे त्याने वयाच्या ७९ व्या वर्षी केलं. १९५५ मध्ये फ्रेंच नागरिकत्व, १४ ऑक्टोबर १९५९ ला रँसच्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा आणि 'लेओनार' हे नाव. शॅम्पेन बनवणाऱ्या मुम कंपनीचे रने लालू त्याचे धर्मपिता. चॅपेलची जागा आणि खर्चही त्यांच्याकडून. फुजिताने आधी पॅरिसजवळच्या व्हिलिए-ल-बाक्लच्या घरातल्या स्टुडिओत भिंतीवर फ्रेस्कोचा सराव केला, चॅपेलचं छोटं प्रारूप बनवलं आणि मग १९६६ च्या जून ते ऑगस्टमध्ये भिंती रंगवल्या. चित्रांमध्ये त्याने स्वतःला आणि पत्नी किमियोला बघणाऱ्यांत उभं केलंय. काम संपल्यावर काही महिन्यांत तो इस्पितळात गेला आणि २९ जानेवारी १९६८ रोजी झ्युरिकला वारला. २००३ मध्ये त्याचे अवशेष याच चॅपेलमध्ये आणले गेले. २००९ मध्ये गेलेली किमियोही तिथेच आहे.

दीपमाळ

व्हिलिए-ल-बाक्लचं घर बघता येतं. कुंचले, रंगाच्या बाटल्या, शिवणाचं मशीन (कपडे तो स्वतः शिवायचा, चौकटीही स्वतः बनवायचा) जागच्या जागी आहेत आणि सरावाचं फ्रेस्कोही भिंतीवर आहे. पॅरिसहून अर्ध्या दिवसात होतं. जाण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा.

निळी_वही

एक शंका. सफेत्याऐवजी झिंक व्हाइट वापरला तर? तो टायटॅनियमपेक्षा मऊ पांढरा दिसतो.

खडूफळा

दिसतो खरा, पण तेलातला झिंक व्हाइट वाळल्यावर काचेसारखा ठिसूळ होतो. ताणलेल्या कापडावर, आणि त्यातही एवढ्या पातळ थरात, काही वर्षांत तडे जातात आणि खपल्या उडतात. सफेता तेलाशी संयोग पावून लवचिक थर बनवतो, म्हणून फुजिताच्या जमिनी शंभर वर्षं टिकल्या. फळीवर चिकटवलेल्या कापडाला झिंक थोडा चालेल, एकूण पांढऱ्याच्या पाव भागापेक्षा कमी. ताणलेल्या कापडावर अजिबात नको. आणि नमुना फळी कपाटात ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पडलंच तर काही दिवस खिडकीशी, थेट उन्हापासून दूर ठेवा, बरंचसं परत पांढरं होतं.